दार कोण उघडतं

रसिका : म्हणजे कडी तू स्वतः लावलीस. हे नक्की?

सखू : अगो, शंभरदा विचारशील तर शंभरदा तेच सांगेन. दुपारचा चहा झाला, कप विसळले आणि पुढच्या दाराची कडी चढवली. वरची, चौकटीची. चवड्यांवर उभी राहून. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून त्या कडीसाठी चवड्यांवरच उभी राहत्येय. सासूबाई म्हणायच्या, दार उंच नि सून ठेंगणी.

रसिका : आणि काकांचा हात तिथवर पोचत नाही.

सखू : खांदे धरलेत त्यांचे. सदऱ्यात हात मी घालते. पाण्याचा पेला तोंडापर्यंत जातो, त्याच्या वर हात म्हणून जात नाही. काल बघितलंस ना, टोपी घालायला गेले नि टोपी कानाशीच राहिली.

रसिका : स्टुलावर चढले असतील?

सखू : उंबरा ओलांडताना माझा खांदा धरतात ते. स्टुलावर कुठले चढतात?

रसिका : मागचं दार?

सखू : तिथे मीच होते. कोंबड्या कोंडत होते. माझ्यासमोरून गेले असते तर दिसले नसते? कोंबड्या कोंडून, हातपाय धुऊन पुढे आले, तर दार सताड उघडं. कडी लोंबकळतेय. हलत होती गो अजून.

रसिका : वाऱ्याने हलली असेल.

सखू : असेल. पण वारा कडी काढत नाही.

रसिका : नाही. वारा कडी काढत नाही, हे खरं.

सखू : कसे मिळाले ते तुला फोनवर सगळं सांगितलं नाही मी. केरू जाळं घेऊन घरी येत होता, म्हणून दिसले. जुन्या तरीवर, होडीच्या धक्क्यावर. भरती लागलेली. कमरेइतक्या पाण्यात उभे, आणि हात असे पुढे, वल्हं धरल्यासारखे. केरू म्हणाला, काका, काय करताय? तर म्हणाले, पलीकडे माणूस खोळंबलाय.

रसिका : पलीकडे कोणी होतं?

सखू : पूल झाल्यापासून पलीकडच्या धक्क्यावर कुत्रंसुद्धा येत नाही. खारफुटी माजलीय सगळी.

रसिका : आणि आधीच्या दोन वेळा?

सखू : पहिल्यांदा पाखाडीच्या पायऱ्यांवरच गाठलं मी. दुसऱ्यांदा खाली चिखलापर्यंत पोचले होते. दर वेळी पुढे जातायत. आणि तिन्ही वेळा कडी लावलेली, आणि तिन्ही वेळा दार उघडं. आता तूच काय ते समज.

रसिका : तू काय समजलीस ते सांग.

सखू : हसशील.

रसिका : नाही हसत.

सखू : बाहेरचं आहे काहीतरी. तिन्हीसांजेला खाडीवरून हाक येते म्हणतात. पहिल्या हाकेला ओ देऊ नये. माझ्या आईने आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. पण ह्यांनी काय केलं? उभा जन्म पहिल्या हाकेलाच ओ दिली. तर चालवायचे ना, खाडीतली होडी! "धाकूऽऽ, तर आऽऽण!" अशी पलीकडून हाक आली की तोंडातला घास टाकून उठायचे. तेव्हा ज्यांना ओ दिली ती सगळी आता वसूल करायला आलीत.

रसिका : आणि दार ही हाका मारणारी उघडतात.

सखू : मग कोण? तू सांग. तू एवढी शिकलेली, कारखान्यात अपघात शोधण्याचं काम करतेस. म्हणून तर बोलावली तुला. गुरवाकडून कौलसुद्धा लावून घेतला मी. देवाने कौल दिलाच नाही. उजवा नाही, डावा नाही. पाकळी आपली मूर्तीला चिकटून बसली.

रसिका : देवसुद्धा म्हणाला, माहिती अपुरी आहे.

सखू : बघ, हसलीस.

रसिका : तुला नाही गो हसले. आमच्याकडे वरिष्ठ विचारतात तेव्हा मलाही असंच चिकटून बसावंसं वाटतं. बरं, ऐक. तुझं भूत मी हिशेबात धरते. काढून टाकत नाही. फक्त सगळ्यात शेवटी ठेवते.

सखू : शेवटी का?

रसिका : भूत म्हटलं की शोधणं थांबतं. आमच्याकडे नळी फुटली, वायू सुटला, की पहिलं सगळे एकच विचारतात, कोणी केलं? मी म्हणते, कोणी नंतर, आधी कसं ते सांगा. काय काय एकाच वेळी जुळून आलं? एका गोष्टीने सहसा अपघात होत नाही. चार गोष्टी एका रांगेत येतात, मग होतो.

सखू : माणूस काय तुमचा पंप आहे?

रसिका : पंप परवडला. पंप आवाज तरी करतो. पण विचार करायची रीत तीच लागू पडते गो. आमच्या ऋत्विकचा खोकला आठवतो? डॉक्टर औषधं बदलत होते. मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. दूध बंद करून बघितलं, तेल बदललं, खोली बदलली. शेवटी निघाली उशी. आत भुरी धरलेली.

सखू : उशी पोराला घेऊन भरतीच्या पाण्यात जात नाही.

रसिका : नाही जात.

सखू : मला झोप नाही गो. जरा खुट्ट झालं की उठून ह्यांच्या छातीवर हात ठेवते. आणि रविवारी हर्षद येतोय. म्हणाला, आई, आता तुझं काही ऐकणार नाही. बाबांना घेऊन जातो. कुठलंसं घर आहे म्हणे पनवेलच्या पुढे, अशाच भान सुटलेल्या माणसांचं. तू वाटल्यास माझ्याकडे ये. वाटल्यास! मुलगाच माझा, वाईट नाही. तोही घाबरलाय. पण ह्यांना माझ्याशिवाय पेलासुद्धा कळत नाही, ते तिथे कोणाकडे बघणार?

रसिका : म्हणून आपल्याला रविवारच्या आत कळायला हवं.

सखू : आणि नाही कळलं तर?

रसिका : नाही कळलं तरी काहीतरी ठरवावं लागेलच. सगळं कळून कधीच ठरवता येत नाही काकी. मला एक सांग, काका गेले त्या तिन्ही दिवशी भरती होती?

सखू : होती. दिवेलागणीला खाडी तुडुंब होती. पाण्याचा वास येतो ना घरात. ह्यांना तो वास आला की पाय राहत नाहीत जमिनीवर.

रसिका : ते दुपारी झोपले होते?

सखू : नव्हते. त्या दिवसांत दुपारी डोळा लागला नाही. एरवी दिवे लागेस्तोवर घोरत असतात. आताही बघ, जागेच आहेत. छताकडे बघत पडलेत.

रसिका : आणि शेजारची अक्षया? ती संध्याकाळी तुझ्याकडे येऊन बसते ना?

सखू : ती माहेरी गेलेली, देवरूखला. बाळंतपणाला. आता पावसाळा सरल्यावर येईल.

रसिका : म्हणजे भरती होती, त्यांना जाग होती, अक्षया नव्हती आणि तू मागच्या दारी होतीस. चार झाल्या. दार तेवढं राहिलं. आता नीट आठवून सांग. ह्या घरात त्या कडीला कोणाकोणाचा हात पोचतो?

सखू : हर्षदचा. तो मुंबईत.

रसिका : आणखी?

सखू : माझा. आणखी कोणाचा नाही. असं का बघतेस गो माझ्याकडे?

रसिका : काही नाही. आज भरती कधी आहे?

सखू : आजही दिवेलागणीलाच.

रसिका : मग आज मी ओटीवर बसते, दाराच्या बाहेर, पाखाडीच्या तोंडाशी. कोणी आलंच तर माझ्या अंगावरून यावं लागेल. तू आत तुझं रोजचं कर. सगळं, जसं करतेस तसं. माझ्याशी खिडकीतून बोलत राहा, म्हणजे मला भीती वाटणार नाही.

सखू : तुला भीती वाटते?

रसिका : खूप.

(त्याच दिवशी, दिवेलागणीची वेळ. रसिका बाहेर ओटीवर. सखू आत. मधे उघडी खिडकी आणि कडी लावलेलं दार.)

सखू : आहेस ना गो?

रसिका : आहे. खिडकीतून तू मला दिसतेस. कडी लावलेलीही दिसतेय.

सखू : काही दिसलं खाली?

रसिका : पाणी चढतंय. बाकी काही नाही. काका काय करतायत?

सखू : उठून बसलेत खाटेवर. पाय खाली सोडलेत. नाकाने वास घेतायत बघ कसा.

धाकू : तर लागली का?

सखू : नाही लागली अजून. बसा तुम्ही. रसिके, तू बोल काहीतरी.

रसिका : तूच बोल. जुनं काहीतरी सांग. तू जुनं सांगतेस तेव्हा तुझा आवाज बदलतो.

सखू : जुनं काय, जुनं सगळंच बरं होतं असं नाही हो. वीज नव्हती. थांब, वात सरसावते. हां. रॉकेलसुद्धा मोजून मिळायचं. कंदील एकच, तो हे होडीवर घेऊन जायचे. घरात आमच्या हा देवापुढचा दिवा आणि चूल. आणि पावसाळ्यातला अंधार तुला माहीत नाही. शाईसारखा. खाडी कुठे संपते नि आभाळ कुठे लागतं, कळायचं नाही. लावला बघ दिवा. दिव्या दिव्या दीपत्कार… आणि हे पलीकडे गेलेले. पलीकडे माणसं, म्हातारी, पोरं, कोणाची बाळंतीण. एकदा तर आख्खी वरात आणली होती, नवरा होडीत ओकला. मी इथे जीव मुठीत धरून. मग सासूबाई म्हणायच्या, दिवा लावलास ना, आता दार उघड. तिन्हीसांजेला लक्ष्मी येते, दार बंद असू नये. मी म्हणायचे मनात, लक्ष्मी येईल तेव्हा येईल, आधी ह्यांना येऊ दे. आणि दार उघडलं की चुलीचा नि दिव्याचा उजेड पाखाडीवरून थेट खाली तरीपर्यंत जायचा. हे म्हणायचे, मी तुझ्या दारावर नेम धरून होडी आणतो. एवढ्या अंधारात तेवढंच एक दार—

रसिका : काकी, थांब.

सखू : काय झालं? कोण आलं?

रसिका : कोणी नाही. आहेस तशी उभी राहा. घाबरू नकोस. तुझा उजवा हात कुठे आहे?

सखू : हात?

रसिका : बघ वर.

सखू : कडीवर.

रसिका : आणि कडी?

सखू : काढलेली. रसिके… ही कडी कोणी काढली?

रसिका : तुझ्या टाचा बघ.

सखू : अगो आई. अगो आई गं.

धाकू : उघडलंस? येतो. येतो म्हणावं त्याला. पलीकडून ओरडतोय कधीचा.

रसिका : काका, थांबा. काका, इथे माझ्याजवळ बसा, ओटीवर. तर आत्ताच सुटली. पुढच्या फेरीला जाऊ.

धाकू : सुटली? कोणी नेली?

रसिका : दुसऱ्या कोणीतरी. तुम्ही दमला होतात ना. बसा. काकी, तूही बस. इथे, उंबऱ्यावर. पाणी आणू?

सखू : नको. मला हात लावू नकोस. माझ्या हाताला हात लावू नकोस.

रसिका : बरं.

सखू : मी काढली. मी काढली आणि मला कळलं नाही.

रसिका : रोजच काढत असशील. दिवा लावलास की उघडतेस. मग मागच्या दारी कोंबड्या कोंडायला जातेस. परत येऊन दार ओढतेस, कडी घालतेस. तेही आठवत नसेल. एरवी काका झोपलेले असतात, किंवा अक्षया इथे बसलेली असते, म्हणून काही होत नाही. तेवढ्यातच त्यांना जाग असली आणि भरती असली, तर मात्र…

सखू : मी ह्यांना पाण्यात घातलं.

रसिका : नाही.

सखू : मग कोणी? दार मी उघडलं. भूत परवडलं गो. भुताला नारळ ठेवता येतो. हाताला काय ठेवू?

रसिका : काकी, इकडे बघ. तू ते दार त्यांना घरी आणायला उघडायचीस. इतकी वर्षं उघडलंस. तो हात तेच काम करतोय अजून. कामाची वेळ तीच आहे, माणूस मात्र आता दाराच्या आत आहे. हे हाताला कोणी सांगितलं नाही.

सखू : हाताला सांगायचं असतं? डोकं कशाला दिलंय देवाने? रसिके, खरं सांग. हा हाताला लागलेल्या वळणाचा दोष, की माझंही ह्यांच्यासारखं…

रसिका : माहीत नाही.

सखू : तू शिकलेली आहेस.

रसिका : म्हणून तर सांगते, माहीत नाही. सवयीचंही असू शकतं. मी फाटक बंद करून निघते, आणि पुढच्या वळणावर आठवत नाही बंद केलं का ते. आणि दुसरंही असू शकतं. रत्नागिरीला डॉक्टरकडे मी स्वतः नेईन तुला. पण डॉक्टर काय म्हणतील त्याची वाट बघत उद्याची भरती थांबणार नाही. म्हणून दोन्ही खरं धरून चालायचं.

सखू : मी कडी काढणार नाही. शपथ घेते. बोट छाटीन, पण काढणार नाही.

रसिका : काढशील. उद्या काढशील, परवाही काढशील. तू शपथ घेशील, हात थोडीच घेणार आहे? आमच्याकडे एका माणसाने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. सगळे म्हणाले, चूक त्याची. त्याला काढला आणि मोकळे झाले. मग तोच व्हॉल्व्ह दुसऱ्याने उघडला. तोही चांगला माणूस होता. तेव्हापासून मी माणूस चुकणार नाही असं कधीच धरत नाही. चुकणार असंच धरायचं, आणि चुकला तरी जीव जाणार नाही असं काहीतरी मधे ठेवायचं.

सखू : काय ठेवणार मधे?

रसिका : काकांच्या होडीत तो डबा असायचा, आठवतो? मी लहान असताना विचारलं होतं, काका, होडीला भोक आहे का? तर म्हणाले, भोक नाही, पण होडीत पाणी येणारच. म्हणून उपसायला डबा.

धाकू : डबा कुठे गेला माझा?

सखू : आहे हो, आहे. माळ्यावर आहे.

रसिका : दाराचं आपण काही करायचं नाही. उघडू दे तुझ्या हाताला. पाखाडीच्या तोंडाशी, तिथे दोन चिऱ्यांच्या मधे, एक बेडं घालू, बांबूचं छोटं फाटक. त्याचा खटका बाहेरून, खाली. ते नवं असेल. तुझ्या हाताला त्याची सवय नाही, म्हणजे ते उघडताना डोक्याला विचारावं लागेल. आणि ह्या दाराला बैलाच्या गळ्यातली ती घुंगुरमाळ बांधू. मागच्या दारी ऐकू येईल एवढी. केरूला सांगू, भरती दिवेलागणीला असेल त्या दिवसांत जाळं तिथेच तरीवर सुकवत बस. आणि अक्षया येईपर्यंत दिव्याच्या वेळी कोणीतरी इथे हवं. तिची सासू येईल?

सखू : येईल. बडबडी आहे मेली, पण येईल. एवढं केलं म्हणजे जाणार नाहीत?

रसिका : एवढं केलं म्हणजे गेले तरी लांब जाणार नाहीत, आणि लगेच कळेल. याच्यापलीकडे मला वचन देता येत नाही.

सखू : मग पनवेलचंच घर बरं नाही का? खरं सांग. माझ्या तोंडाकडे बघून सांगू नकोस.

रसिका : तिथेही दार आहे. तिथेही कोणाचातरी हात आहे, आणि त्या हाताच्या सवयी आपल्याला माहीत नाहीत. इथल्या आता थोड्या तरी माहीत झाल्या. पण मला भीती वेगळीच वाटते काकी. काकांचं सगळं तुझ्यावर उभं आहे. एकाच खांबावर. तो खांब डळमळला तर? हे हर्षदला कळायला हवं.

सखू : नाही.

रसिका : काकी…

सखू : त्याला भूतच सांग. कडी झिजली होती सांग. वारा सांग. माझा हात सांगू नकोस. त्याला कळलं की उद्याच येईल, दोघांना उचलेल, ह्यांना तिकडे आणि मला इकडे टाकेल. मग मी संध्याकाळी कुठलं दार उघडू?

रसिका : मी नाही सांगितलं, तर तो चुकीच्या गोष्टीला घाबरत राहील. आणि ज्याला घाबरायला हवं तिकडे कोणाचंच लक्ष असणार नाही. अर्धं सांगितलं की काय होतं ते मी बघितलंय. पण तुझा हात, तुझं घर. तुझ्या मागून मी फोन करणार नाही.

सखू : म्हणजे माझ्यावरच टाकलंस.

रसिका : हो.

धाकू : पलीकडचा गप्प झाला.

सखू : झाला ना? गेला असेल घरी.

धाकू : उजेड आहे आपल्या दारात. आता येतो म्हणावं मी.

सखू : आलात. आलात तुम्ही. बसा. रसिके, जरा ह्यांच्याजवळ बस, दार उघडंच राहू दे. आणि तो फोन इकडे दे. नंबर लावून दे, मला ती अक्षरं दिसत नाहीत.

रसिका : लागला. घे.

सखू : हॅलो… हर्षद? हो रे, बरे आहेत. नाही, आज गेले नाहीत, हे काय, ओटीवर बसलेत. रसिका आहे. तू जेवलास? बरं. ऐक. दार कोण उघडतं ते सापडलं. नाही, चोर नाही, तसलं काही नाही. तू आधी बस बघू कुठेतरी. बसलास?